आधी प्ले स्टोअर की ॲप स्टोअर? एकट्याने ॲप काढणाऱ्यांसाठी

समजा, गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब ठेवणारं ॲप तुम्ही एकट्यानेच तयार केलंय. फॅट, लिटर, दहा दिवसांचं बिल, सगळं नीट निघतंय. आता ते आधी कुठे टाकायचं?

पैशांचं लगेच उरकू. गूगल प्लेचं डेव्हलपर खातं २५ डॉलरला मिळतं, तेही एकदाच भरून. ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर लागतात आणि नूतनीकरण राहिलं तर ॲप विक्रीतून उतरतं. शिवाय आयफोनचं ॲप बांधायला मॅक हवा, स्वतःचा नाहीतर भाड्याचा.

म्हणून प्ले स्टोअर सोपं, असा सर्रास समज आहे. नवीन माणसाच्या बाबतीत तो आता खरा नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप थेट सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही. आधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक लोकांनाच ॲप वापरून बघायला देणं, करावं लागतं: किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. सुरुवातीला हा आकडा २० होता, पुढे तो कमी झाला. यात खरी मेख ‘सलग’ या शब्दात आहे. नवव्या दिवशी मावसभावाने टेस्टिंग सोडलं आणि तुमच्याकडे मोजून बाराच जण होते, तर अट मोडली. म्हणून पंधरा-सोळा जण घ्या, आणि शक्यतो ज्यांना त्या ॲपचा खरोखर उपयोग आहे असेच. कारण १४ दिवसांनंतर अर्ज करताना टेस्टर कसे जमवले, ते काय म्हणाले, तुम्ही काय बदललंत, हे विचारतात. नुसती नावं भरली असतील तर तिथे लिहायला काही उरत नाही. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण त्यासाठी डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा नऊ अंकी क्रमांक, लागतो.

ॲपलकडे अशी सक्तीची वाट बघणं नाही. टेस्टफ्लाइटवर, म्हणजे ॲपलच्या चाचणीच्या सोयीवर, ॲप वापरून बघायला देणं ऐच्छिक आहे. ९० टक्के ॲप २४ तासांच्या आत तपासून होतात, असं ॲपल सांगतं. मात्र तिथे माणूस ॲप उघडून बघतो आणि कसून बघतो. अर्धवट स्क्रीन, ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलेलं बटण, नुसती वेबसाइट गुंडाळून केलेलं ॲप, हे परत येण्याची शक्यता मोठी. परत पाठवताना कोणत्या कलमाखाली ते कळवतात, आणि त्याच संदेशाला उत्तर देऊन बाजू मांडता येते. मला हा भाग मनापासून आवडतो. पटलं नाही तर वर अपील आहे. प्लेकडेही अपील आहे, पण तिथे जास्त जपायला हवं ते खात्याला: धोरणांचा भंग वारंवार झाला तर ॲपच नव्हे, अख्खं खातं बंद होऊ शकतं.

आपल्याकडच्या ॲपना दोन्हीकडे हमखास नडणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. तपासणाऱ्याकडे भारतीय मोबाइल नंबर असेलच असं नाही. लॉगिनच झालं नाही तर तो पुढे काय बघणार? एक चाचणीचा नंबर आणि त्याला ठरलेला ओटीपी ठेवा, त्या खात्यात चार-पाच गवळ्यांच्या नोंदी आधीच भरा. ही माहिती ॲपलकडे रिव्ह्यू नोट्समध्ये आणि प्लेवर ‘ॲप ॲक्सेस’मध्ये द्या. ॲप फक्त मराठीत असेल तर कोणतं बटण काय करतं ते इंग्रजीत लिहा. खातं तयार करू देत असाल तर ते काढून टाकायची सोयही ॲपमध्ये हवी. ॲपल ही अट ३० जून २०२२ पासून लावतं. प्लेला त्यासाठी वेगळी वेब लिंकही लागते. गोपनीयता धोरण दोघांनाही हवं.

दुधाच्या ॲपसाठी माझं उत्तर प्ले स्टोअर, कारण गवळ्यांच्या हातात अँड्रॉइडच असतो. पण खातं आजच उघडा आणि कच्चं ॲप चालू लागताच टेस्टर जोडा, म्हणजे उरलेलं काम करता करता ते १४ दिवस निघून जातील. हेच ॲप अमेरिकेतल्या मराठी शाळेच्या पालकांसाठी असतं, तर मी उलट सांगितलं असतं. तिथे निम्म्याहून जास्त लोक आयफोन वापरतात, तेव्हा ९९ डॉलर भरून आधी ॲप स्टोअर.