गिनी पिगच्या सांधेदुखीवरचे थेंब आणि माझे १३,४४९ रुपये

१३,४४९ रुपये गेले. म्हाताऱ्या गिनी पिगच्या सांध्यांवरच्या 'हर्बल थेंबां'पायी. पैशांपेक्षा जास्त जळतं ते हे, की त्या सगळ्या काळात आमच्या चिंगीला खरं औषध मिळालंच नाही.

चिंगी सहा वर्षांची. गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे ती आजीच. सकाळी उठली की मागचे पाय ताठ, ट्रेची कड ओलांडवेना, कोथिंबिरीची पिशवी वाजली तरी धावत येईना. स्वतःला वाकून साफ करता येत नसल्याने मागून ओली राहायला लागली. मी पुण्यात राहते. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण फोन करावा तिथे "आम्ही हे बघत नाही." अशा वेळी मोबाइलवर 'एक्झॉटिक पेट तज्ज्ञ' दिसला, तर माणूस काय करणार?

आधी सल्ल्याचे १,२००. मग तीन बाटल्यांचा 'पूर्ण कोर्स' ६,३००. वर 'इन्फ्रारेड मॅट' ३,९५०.

व्हिडिओ कॉलवर त्याने चिंगीला चालवून पाहिलं नाही, वजन विचारलं नाही, खाणं विचारलं नाही. आपल्यासारखंच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही; ते कमी पडलं की सांधे सुजतात, दुखतात. हे मला माहीत होतं, म्हणून मीच विषय काढला. तर म्हणाला, "थेंबांतच आहे मॅडम, पाण्याच्या बाटलीत टाका, आठवडाभर चालेल." पाण्यात क जीवनसत्त्व दिवसभरातच निकामी होत जातं! हेही मला माहीत होतं! त्या वाक्यालाच फोन ठेवायला हवा होता. अजून रात्री तेच वाक्य कानात वाजतं. पण समोर पांढरा कोट, भिंतीवर प्रमाणपत्राची चौकट आणि माझ्या मांडीवर वेदनेने दात करकर वाजवणारी चिंगी. कुणीही ऐकलं असतं.

नोंदणी क्रमांक मागितला, तर "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो." आला नाही. पशुवैद्यकांच्या नोंदणीचा कायदा १९८४ पासून आहे. आधी क्रमांक घ्या, मग पैसे द्या.

बाटल्यांवर घटक नाहीत, बॅच नाही, पत्ता नाही. पैसे परत मागितले, तर 'रिफंड प्रोसेसिंग'चे १,९९९ भरा म्हणे, सगळे एकदम परत येतील. भरले. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. पोलीस ठाण्यात, "उंदराच्या औषधासाठी आलात?" आणि बाकावरचे सगळे हसले. तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच द्या. ग्राहक हेल्पलाइनला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले नसते का? खाते क्रमांक आहे, फोन नंबर आहे, चॅट आहे, पावत्या आहेत. अजून काय आणून द्यायचं? माझी रक्कम लहान असेल, पण तो रोज किती जणांकडून अशी लहान रक्कम घेतो, हे कुणी मोजणार आहे का?

शेवटी ससे, गिनी पिग बघणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या. त्यांनी हाताने गुडघे वाकवून पाहिले, एक्स-रे काढला. सांधे झिजलेत. वजन करून त्या हिशेबाने मेलोक्सिकॅम हे वेदना-सूज कमी करणारं औषध दिलं, थेट तोंडात, सिरिंजने. क जीवनसत्त्व रोज वेगळं, शिवाय ढोबळी मिरची. गोळ्यांचं खाद्य कमी, गवत भरपूर, कारण जास्तीचं वजन गुडघ्यांवरच येतं. वाढलेली नखं कापली. खाली फ्लीसचा मऊ थर घातला, ट्रेची कड कापून बुटकी केली. आता ती गवतापर्यंत स्वतः जाते.

माणसांची दुखण्यावरची गोळी अंदाजाने देऊ नका. घरात उरलेलं अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिन तर मुळीच पाजू नका, त्याने आतड्यांतले जिवाणू बिघडून गिनी पिग दगावतो. खाणं थांबलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या माणसाचं जुनं पान आता दिसत नाही. तीच पिवळ्या झाकणाची बाटली नव्या नावाने 'सशांच्या सांध्यांसाठी' विकायला आहे, आजही २,१०० रुपयांना.