मे महिन्याच्या बिलावर फसलो

गेल्या मंगळवारी नागपूरजवळच्या वाडीहून एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याचा फोन आला. "भाऊ, एलईडीवाले आले आहेत. पूर्ण शेडचे लाईट बदलून देतो म्हणतात, हप्ता बिलाच्या बचतीतूनच जाईल. तुमच्याकडेही बसवले होते ना?" पोटात गोळा आला. वर्षभर ही गोष्ट मी नातेवाईकांपासूनही लपवली. आता लिहितो, कारण ती टोळी अजून शहरात फिरते आहे.

नागपुरातल्या महाल भागात माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. २२ मशिनी, ४६ ट्यूबलाईट, सगळ्या जुन्या ४० वॅटच्या, चोकवाल्या. चोक धरून एक ट्यूब पन्नासच्या वर वॅट खाते हे मला माहीत होतं आणि त्या बदलायचं माझ्या डोक्यात होतंच. एलईडीनं वीज वाचते हे शंभर टक्के खरं आहे. या खऱ्या गोष्टीच्या आडूनच मला लुटलं.

मागच्या जूनचा पहिला आठवडा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे-जूनमध्ये आमच्याकडे रात्री दहा-दहापर्यंत मशिनी चालतात. त्या गडबडीत दोन मुलं आली. गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखी 'उजाला योजना'. २०१५ पासून घरोघरी स्वस्त एलईडी बल्ब मिळाले, म्हणून ते नाव ऐकून विश्वास बसला. (ती योजना घरच्या बल्बांची. कारखान्यात येऊन कोणी कर्जाचे कागद पुढे करत नाही. हे तेव्हाच कळायला हवं होतं.) त्यांनी माझं मे महिन्याचं बिल मागितलं, रुपये ३१,४८०. टॅबवर आकडे टाकले आणि म्हणाले, महिन्याला साडेनऊ हजार वाचतील, हप्ता ९,३५० चा, म्हणजे तुमच्या खिशातून काहीच नाही.

आमच्या ओव्हरलॉक मशीनवरच्या मावशी बाजूलाच बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मे मयन्यात त कुलर रायतेत ना जी, ते कुठी धरले?"

मुलगा म्हणाला, "मावशी, सॉफ्टवेअर सगळं धरतं." आणि मीच मावशींना म्हणालो, तुम्ही कॉलर लावा.

हा क्षण मला रात्री झोपू देत नाही. सहा कुलर, तीन एक्झॉस्ट, रात्रीचं ओव्हरटाईम, सगळं त्या बिलात होतं. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. दोन मिनिटं बघितलं असतं तरी पावसाळ्यात बिल आपोआप उतरतं हे दिसलं असतं. नागपूरच्या मे महिन्याशी दुसऱ्या कुठल्याही महिन्याची तुलना करणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे, एवढं धरून चाला. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आगाऊ ३५,४०० दिले. "वॉरंटी नोंदवायची आहे" म्हणून मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला. तो कर्जाचा ओटीपी होता. माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं १,९०,००० चं कर्ज निघालं आणि पैसे सरळ त्या लोकांना गेले. २४ हप्ते, म्हणजे २,२४,४००. चौदा पानं इंग्रजीत होती. एवढ्या घाईत कोण वाचतं? पण वाचायलाच हवी होती.

ऑगस्टचं बिल आलं २१,९१०. मी खूश. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण माझ्या शब्दावर इतवारीतल्या दोघांनी सह्या केल्या. त्यातला एक आता माझा फोन उचलत नाही.

दिवाळीत मुलानं आदल्या वर्षीचं ऑगस्टचं बिल काढलं. २६,०४०. म्हणजे खरी बचत ४,१३० आणि हप्ता ९,३५०. तीही बचत कशी? ट्यूबवर १८ वॅट छापलं होतं, इलेक्ट्रिशियननं मीटर लावला तर ११ च भरले. उजेडच पडत नव्हता. नेव्ही ब्लू पँटवर काळा धागा दिसेना म्हणून मावशी प्रत्येक नग उचलून खिडकीशी नेऊन बघायच्या. मी बाजारातून २० वॅटच्या १४ ट्यूब आणून लावल्या, २६० रुपये एक. तशाच सगळ्या ४६ घेतल्या असत्या तर ११,९६० मध्ये काम झालं असतं, उजेडासकट. मेन बोर्डावर त्यांनी 'सेव्हर' म्हणून एक डबा लावला होता, त्यांच्या पावतीत त्याचे ४८,०००. उघडला तर आत एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा पेटवायची पट्टी. बस. माझ्या मीटरवर युनिटचे पैसे लागतात, ट्यूबची युनिटं त्या डब्यानं एकही कमी होत नाहीत. असा डबा कोणी दाखवला तर दारातूनच परत पाठवा.

डिसेंबरपर्यंत १७ ट्यूब मेल्या. जानेवारीत सर्व्हिसचा नंबर बंद.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. वीज कार्यालयात म्हणाले, मीटरच्या पुढचं आमचं नाही. ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, कागदावर सही तुमचीच. तीन वेळा गेलो, तीन वेगळे साहेब, तिघांना पहिल्यापासून सांगितलं. एकानं विचारलं, "शिकलेले आहात ना? ओटीपी कसा दिला?" फसलेल्या माणसाला हे विचारायला पगार मिळतो का? वरच्या शाखेत पाठवलं, तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे. माझं वर्षाचं घरभाडं त्यात निघतं, तरी लहान! सायबरवाले म्हणाले, कर्ज रीतसर निघालं आहे. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्याचा रोजगार असेल तरच सूट आहे, आणि २२ मशिनी बघून समोरचा वकील तिथेच धरणार. फायनान्सवाल्यांचं एकच, लाईट चालो न चालो, हप्ता ५ तारखेला. थांबवला तर सिबिल खराब, पुढच्या हंगामाला कापड उधार कोण देणार?

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे मला फार उशिरा कळलं. आधी कंपनीला लेखी द्या, ३० दिवस वाट बघा, मग तिकडे. पहिल्या हप्त्यालाच हे केलं असतं तर बरं झालं असतं. एलईडीवर आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. माझ्या ट्यूबवरचा क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला. आणि आधी एकच ट्यूब लावून घ्या, आपल्या इलेक्ट्रिशियनच्या मीटरनं मोजा, त्यांच्या मीटरनं नाही.

वाडीवाल्याला त्या दिवशी फोनवरच सांगितलं, सही करू नको, मी येतो. गेलो तेव्हा टेबलावर त्याचं बिल पडलं होतं. मे महिन्याचंच. माझे ११ हप्ते गेले, १,०२,८५० रुपये. १३ बाकी आहेत.