जुनी ३१५ रायफल की जुनी दुनळी बंदूक?

पाटण-शिराळा पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखायला जुनं हत्यार घ्यायचं, तर आधी परवान्यावर कुठला प्रकार लिहिलाय ते बघा. दुनळीच्या परवान्यावर रायफल मिळत नाही. आणि परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुक्कर मारायलाही वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

३१५ बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीला मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हातानं ओढायचा), मॅगझिनमध्ये ५ गोळ्या, नेम लांबचा. पण गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाते. मागं वस्ती किंवा ऊसतोडीची टोळी असेल तर हा गुण नव्हे, धोकाच. घेताना रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट काढा आणि नळीतून उजेडाकडं बघा. पीळ (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) तोंडाशी बोथट झालेले किंवा आत गंजाचे खड्डे दिसले, तर स्वस्तातही नको. वरून पॉलिश मारून सगळं झाकतात, आतलं झाकता येत नाही.

१२ बोअर दुनळीची छर्‍याची मजल ३०-४० मीटर, बांधावरून पुरते. पुढची लाकडी पकड काढून बंदूक हलवा: खडखडली तर बिजागरी झिजलीय. नळीवरचे पोचे बोटांनी चाचपा. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचा असेल तर ७० चं काडतूस घालू नका. ते बसतं, पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसल्यानं दाब वाढतो.

पीक राखायलाच हवी असेल तर दुनळी. खाजगी विक्रीत मालकानं लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात गनस्मिथला दाखवून घ्या.