फायर बूट घेताय? सॅम्पल बघून पैसे सोडू नका, लॉट फाडून बघा

रबाळे एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे मी, फायर क्रूचं सामान मीच बघतो. नवीन बूट हवे होते म्हणून ठाण्यातल्या एका सप्लायरकडून सॅम्पल मागवलं. सॅम्पल एकदम ओरिजिनल. नायट्राइल रबरचा सोल, बोटांवर स्टीलची टोपी (स्टील टो), एचआरओ मार्किंग म्हणजे ३०० डिग्रीला एक मिनिट टेकला तरी सोल वितळायला नको, आयएसआय खालचा सीएम/एल नंबर (म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा लायसन्स नंबर) मी बीआयएस केअर अ‍ॅपवर, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अ‍ॅपवर, टाकून बघितला, तोही बरोबर. पोरांनी जाड मोजे घालून, शिडी चढून-उतरून बघितलं, टाच वर सुटत नव्हती, बोटं पुढे आपटत नव्हती. ऑर्डरमध्ये मॉडेल नंबरसकट सगळं लिहून दिलं.

लॉट आला तो दिसायला डिट्टो तोच. मॉक ड्रिलला डिझेलचा ट्रे विझवला आणि एक पोरगा बाजूच्या तापलेल्या पत्र्यावरून मागे आला तर पाय उचलताना सोलच्या च्युइंगमसारख्या तारा निघाल्या हो! खऱ्या आगीत हा पोरगा आत असता तर काय झालं असतं, विचार करूनच अंगावर काटा येतो.

मग कटर घेऊन तो बूट उभा फाडला. सोल साधा पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन प्लॅस्टिकचा, नायट्राइल रबर नाहीच. आतला पॅड उचलला तर खाली स्टील प्लेटच नाही, करड्या रंगाचा पुठ्ठा, तोही घामाने फुगलेला. म्हणजे खिळा सरळ पायात. या लॉटवरचा नंबर अ‍ॅपवर टाकला तर भलत्याच कंपनीचं नाव.

सप्लायर म्हणतो, साहेब या रेटला हेच येतं. अरे रेट तूच दिलास ना! आणि बिलावर त्याने काय लिहिलं तर नुसतं 'सेफ्टी शूज ब्लॅक', म्हणून आता म्हणतो मी फायर बूट दिलेच नव्हते.

अजून एक, आयएस १५२९८ लिहिलंय म्हणून फायर बूट समजू नका, ते कारखान्यातल्या सेफ्टी शूजचं स्टँडर्ड आहे. त्यात टो कॅप २०० ज्यूलचा मार घेते ते ठीक, पण आगीत शिरणाऱ्याला ईएन १५०९० (फायरमनच्या बुटांचं युरोपियन स्टँडर्ड) चा टाइप २ मागा, बुटावर फायरमनचं चित्र आणि एफ२ चा कोड असतो. माल उतरवताना लॉटमधला कुठलाही एक जोड आपण उचलायचा, फाडायचा, नंबर तपासायचा, आणि बिलावर मॉडेल आणि स्टँडर्ड लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. सप्लायर कुरकुर करेल, करू दे.

आम्ही पेमेंट थांबवलंय, फोटोंसकट बीआयएस केअरवर तक्रार टाकलीय. हाच माल महापे-तुर्भेकडच्या काही कंपन्यांतही गेलाय असं कळलं. तुमच्या क्रूच्या पायात नवीन काळे बूट आले असतील तर आजच एकाचा आतला पॅड उचलून बघा.