फुकटच्या टूलचे १,४९९ रुपये आणि मागून गेलेले ४८ हजार

मी कोथरूडला राहते आणि गेली अकरा वर्षं घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणपतीच्या नऊ दिवस आधी माझा फोन परातीच्या काठावर आपटला. काच फुटली नाही, चित्रही दिसत होतं, पण स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागाचा टच गेला. म्हणजे आलेले मेसेज वाचता येत होते, उत्तर लिहिता येत नव्हतं. फोन वाजला तर उचलता येत नव्हता. तपकीर गल्लीत दाखवला. डिस्प्लेचे ६,८०० सांगितले आणि पार्ट यायला चार दिवस. ऐन ऑर्डरींच्या दिवसांत चार दिवस फोन बंद ठेवणं मला शक्य नव्हतं.

एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं की केबल लावली की फोन कॉम्प्युटरवरून चालवता येतो. त्यांचं म्हणणं खरंच होतं. म्हणून मी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर शोधायला बसले आणि जे सगळ्यात वर आलं ते उघडलं. ती जाहिरात होती. वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, मी ते वाचलं नाही. पानावर हिरवा रोबो आणि ‘एडीबी वन क्लिक इन्स्टॉलर, लाइफटाइम लायसन्स १,४९९’ अशी मोठी पाटी. (एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायचं साधन, त्याबद्दल पुढे सांगतेच.) मी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले, पैसे गेले. संपर्कासाठी यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नंबर दिला होता. पाच मिनिटांत यांच्या फोनवर ‘इंजिनिअर’चा फोन आला.

मुलगा अतिशय नम्र बोलत होता. हिंदीत, प्रत्येक वाक्याला मॅडम. त्यानं आधी लॅपटॉपवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर विचारला आणि माझ्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप हलायला लागला. मग फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायला सांगितली. त्यातून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचं नवं पान उघडतं, तिथं ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करायचं. माझ्या फोनमध्ये त्याच्याखाली ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ असं आणखी एक बटण होतं, तेही त्यानं चालू करायला लावलं. यातली पहिली पायरी कोणीही सांगेल, ती खरीच आहे. दुसऱ्या बटणाची मला काहीच गरज नव्हती, हे आता कळतंय.

केबल लावल्यावर फोनवर एक चौकट आली. ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ‘यूएसबी डिबगिंगला परवानगी द्यायची का?’ असा प्रश्न, खाली दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक ओळ आणि तिच्याखाली ‘या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या’ असा रिकामा चौकोन. परवानगीचं बटण नेमकं टच गेलेल्या भागात होतं. तर तो म्हणाला, “फोन आडवा करा मॅडम, बटण वर येईल. आणि टिक करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा पुन्हा विचारेल.” मी फोन आडवा केला, टिक केली, दाबलं.

लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. भराभर ओळी धावल्या, मध्ये दोनदा ‘सक्सेस’ असा शब्द आला. आणि खरोखर माझा फोन जसाच्या तसा लॅपटॉपच्या पडद्यावर आला. माऊसनं मी मेसेज उघडला, कीबोर्डवर उत्तर टाइप केलं. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलाला “देव तुझं भलं करो” म्हणाले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत एकतीस जणांना उत्तरं दिली.

रात्री पावणेतीनच्या सुमाराला खात्यातून तीन वेळा पैसे गेले. १९,९९९, पुन्हा १९,९९९ आणि शेवटी ८,५००. मिळून ४८,४९८ रुपये. सकाळी सहाला नारळ फोडायला उठले तेव्हा फोनवर बँकेचे सहा मेसेज होते, तीन ओटीपीचे आणि तीन पैसे गेल्याचे. मी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता, म्हणून आधी मला वाटलं की बँकेचीच काहीतरी चूक आहे.

सहा चाळीसला १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे, देशभर एकच. त्यांनी खातं, रकमा, वेळ सगळं विचारून तक्रार क्रमांक दिला. मग बँकेला सांगून कार्ड बंद केलं आणि दुपारी शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेऊन एकच विचारलं, “ताई, फोनवर काही दाबलं होतंत का?” तेव्हा मला ती चौकट आठवली.

नेमकं काय झालं ते शेजारच्या काकूंच्या सुनेनं समजावलं. ती हिंजवडीला नोकरी करते, त्या रात्री आठला आली ती साडेअकरापर्यंत बसली. तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते, कारण हे मला आधी माहीत असतं तर मी त्या मुलाला पहिल्या मिनिटाला फोन ठेवायला सांगितलं असतं.

एडीबी म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज. ॲप बनवणाऱ्यांना फोन तपासता यावा म्हणून गूगलनं केलेलं साधन. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, फोन तो पाळतो. ते ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ नावाच्या एका लहान झिप फाइलमध्ये येतं, गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवर मिळतं आणि त्याला एक पैसा पडत नाही. लायसन्स विकत घ्यायचा प्रश्नच नाही, इन्स्टॉलरही लागत नाही. झिप उघडायची, त्या फोल्डरमध्ये टर्मिनल, म्हणजे तीच काळी खिडकी, उघडायची, झालं. फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारं ‘एससीआरसीपीवाय’ हेही फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. त्या मुलानं मला तेच लावून दिलं होतं. म्हणजे १,४९९ रुपये मी या दोन फुकटच्या गोष्टींचे दिले.

पण खरा घाव त्या चौकटीत होता. तिला हो म्हटलं की समोरच्या कॉम्प्युटरला फोनवर ॲप टाकता येतं, आणि त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगीसुद्धा तिकडूनच देता येते. एरवी फोन आपल्याला विचारतो की हे ॲप तुमचे एसएमएस वाचू का म्हणतंय. इथं तसं काही विचारलंच गेलं नाही. माझा लॅपटॉप तर आधीच त्याच्या हातात होता. पहिलं ‘सक्सेस’ आलं ते त्या ॲपचं. सुनेनं हुकूम देऊन फोनमधल्या सगळ्या ॲपची यादी काढली, तर त्यात दातेरी चाकाचं चिन्ह असलेलं ‘सिस्टिम अपडेट’ नावाचं एक सापडलं. ते आदल्या दिवशी दुपारी आलं होतं. कार्डाची माहिती मीच त्यांच्या पानावर भरली होती आणि ओटीपी हे ॲप वाचत होतं.

तिनं आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला कोणीच सांगितली नसती. आपण हो म्हणतो ते लॅपटॉपमधल्या एका किल्लीला. ती ‘एडीबी-की’ नावाची छोटी फाइल असते, ‘डॉट अँड्रॉइड’ या फोल्डरमध्ये. ती कोणी उचलून नेली तर त्याचा कॉम्प्युटरही आपल्या फोनला ओळखीचा वाटतो. म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘रिव्होक यूएसबी डिबगिंग ऑथरायझेशन्स’ दाबायचं. त्यानं दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द होतात. ते आम्ही सगळ्यात आधी केलं. मग लॅपटॉपचं इंटरनेट बंद करून, टिक न करता पुन्हा एकदाच परवानगी देऊन तिनं ते खोटं ‘सिस्टिम अपडेट’ काढलं, ‘एडीबी पुल’ या फाइली ओढून घेण्याच्या हुकमानं माझे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि फोन फॅक्टरी रीसेट केला. लॅपटॉपही दुसऱ्या दिवशी फॉरमॅट केला.

आणि केबल नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरून हेच करता येतं, फक्त फोनवर येणारा सहा आकडी कोड टाकावा लागतो. फोनवर बोलणाऱ्या कोणीही तो कोड विचारला तर सांगू नका. तो ओटीपीइतकाच जपायचा आहे.

जाता जाता ती म्हणाली, “काकू, तुम्हाला फक्त टाइपच करायचं होतं ना? ओटीजीची छोटी पिन घेऊन फोनला माऊस जोडला असता तरी चाललं असतं.” दोनशे रुपयांच्या आत काम होतं. टच गेलेल्या फोनवर माऊसचा बाण सरळ फिरतो. मी तेच करून उरलेल्या ऑर्डरी पुऱ्या केल्या.

पैशांचं म्हणाल तर शेवटचे ८,५०० पुढच्या खात्यात अडवता आले, कारण तक्रार चार तासांच्या आत गेली होती. बाकी ३९,९९८ आले नाहीत. बँकेनं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. कार्डाची माहिती ग्राहकानं स्वतः दिली असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. मला ते कडू वाटलं, पण नियम तसा होता. म्हणूनच सांगते, संशय आला तर दुपारपर्यंत थांबू नका, घरच्यांना काय वाटेल याचा विचार करू नका, आधी १९३० लावा. मी यांना सांगायला अर्धा तास घाबरले होते, तेवढा अर्धा तास वाया गेला.

गेल्या आठवड्यात मुलाच्या फोनवर मी पुन्हा तेच शब्द टाकून पाहिले. पानाचं नाव बदललंय, किंमत आता १,२९९ आहे, हिरवा रोबो तोच. जाहिरातीच्या शेजारच्या तीन टिंबांवर जाऊन तक्रार केली आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझ्याच तक्रार क्रमांकाखाली नवा पत्ता जोडला. तुमच्यापैकी कोणी त्याच पानावर पैसे भरले असतील तर लॅपटॉपचं इंटरनेट आत्ता बंद करा आणि कार्ड ब्लॉक करा, बाकीचं नंतर बघा.