स्टेशनजवळचं पोळीभाजी केंद्र : पोळ्या घ्या, भाजी घरी करा

डोंबिवली पूर्वेला स्टेशनवरून घरी जाताना वाटेत एक पोळीभाजी केंद्र लागतं, तिथून मी गेली दोन वर्षं आठवड्यातले चार-पाच दिवस पोळ्या घेतोय, त्यामुळे एकदा जाऊन फोटो काढून लिहिलेला हा रिव्ह्यू नाही. नाव लिहीत नाही कारण काही तक्रारी पण आहेत आणि दोन-चार चुकांपायी कुणाच्या धंद्यावर परिणाम व्हावा असं मला वाटत नाही. पण जे लिहितोय ते अशा कुठल्याही केंद्रातून पोळ्या आणणाऱ्या आईबाबांना उपयोगी पडेल.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल की मला हे दुकान का लागतं. बायको नर्स आहे, सेकंड शिफ्ट असली की ती रात्री साडेदहाला घरी येते. माझं ऑफिस विक्रोळीला, म्हणजे स्लो गाडी, मग रोज तोच विचार की ठाण्याला बदलून फास्टमध्ये घुसायचं का कळवा मुंब्रा दिवा कोपर करत बसून यायचं. काहीही केलं तरी डोंबिवलीला उतरायला सव्वासात होतातच. आठच्या आत पाळणाघरातून दोघांना आणायचं, मुलगी चौथीत आहे आणि मुलगा सीनियर केजीत, आणि आल्या आल्या धाकट्याचं पहिलं वाक्य "बाबा भूक". मला पोळ्या येतात, पण कणीक मळून, मुरवून, १२ पोळ्या लाटून भाजून होईपर्यंत माझी ५० मिनिटं जातात. तेवढ्यात धाकटा बिस्किटं खाऊन पोट भरून घेतो आणि मोठीचा अभ्यास राहतो तो राहतोच.

आधी आमच्याकडे पोळ्यांना मावशी यायच्या, हात फार छान होता त्यांचा, पण त्यांचंही घर आहे, मे महिन्यात गावाला गेल्या की महिनाभर नाहीत, मग गणपतीला पुन्हा दहा-बारा दिवस, आणि नंतर गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी काम सोडलं. मग रोटीमेकर घेतला. त्यात पोळी होत नाही, कडक पापडासारखं काहीतरी होतं, तो आता माळ्यावर आहे. त्यानंतर हे केंद्र.

आता पोळ्यांबद्दल. खरंच चांगल्या आहेत. घडीची पोळी आहे, तेल लावून घडी घातलेली, पदर सुटतात, आणि समोरच करतात. काउंटरच्या मागे ओटा पूर्ण दिसतो, दोघी लाटायला, दोघी भाजायला, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, आणि अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी नंबर बोर्डावर लावलेला आहे, तो मी पहिल्याच दिवशी बघितला होता, तुम्ही पण कुठेही घेताना बघा. कणकेत मैदा नसावा असं मी म्हणतो कारण मैद्याची पोळी गरम असताना मऊ लागते आणि तासाभराने वातड होते, चावता चावता लहान मुलं कंटाळतात. यांची पोळी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा बोटांनी सहज तुटते. एकदा मुलाने न सांगता स्वतःहून तिसरी पोळी मागितली, गूळतुपाबरोबर, मला तेवढं पुरेसं होतं.

एक गोष्ट मात्र शिकायला मला दोन महिने लागले, ती नीट सांगतो. पोळ्या त्यांच्या पिशवीत घेऊ नका. तव्यावरची गरम पोळी पिशवीत घालून गाठ मारली की आत वाफ धरते, घरी पोचेपर्यंत पिशवीला आतून थेंब असतात, वरच्या दोन पोळ्या ओल्या आणि कडा एकमेकींना चिकटलेल्या, सोडवायला गेलं की पदरासकट फाटतात. आणि महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी गर्दीच्या वेळी काउंटरखालून पातळ पिशवी निघतेच, हे मला अजिबात आवडत नाही, गरम अन्न त्यात घालणं तर नाहीच नाही. मी ऑफिसच्या बॅगेतच एक स्टीलचा चपटा डबा ठेवतो, तळाशी सुती पंचाचा तुकडा, त्यावर पोळ्या, वरून तोच पंचा दुमडायचा आणि झाकण घरी पोचेपर्यंत अर्धवटच ठेवायचं. कपडा वाफ पिऊन घेतो, पोळी मऊ राहते आणि ओली होत नाही. डबा दिला की काकू खूश असतात, "दादा, असे डबे सगळ्यांनी आणले तर किती बरं" असं मला दोनदा तरी म्हणाल्यात.

मी एकदम १४ घेतो. रात्री आम्हाला आठ लागतात, बायकोच्या दोन त्यातच. उरलेल्या सहा सकाळच्या डब्यांना. मुलांची बस सातला येते, डबे पावणेसातला भरलेले लागतात आणि केंद्र उघडतं सातला, म्हणजे सकाळी त्यांचा काहीच उपयोग नाही. रात्रीच्या पोळ्या कपड्यासकट डब्यात, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, सकाळी तव्यावर दोन थेंब तूप टाकून दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिनिट. शाळेत वेफर्स-मॅगी चालत नाही, पोळीभाजीच लागते, आणि हा नियम मला मनापासून पटतो, फक्त तो पाळायला सकाळी घरात कुणीतरी हातात तवा घेऊन उभं असावं लागतं.

भाजीचं मात्र तसं नाही. पाव किलोला ७० रुपये, आणि पाव किलोत निम्मा रस्सा. मटकीची उसळ घेतली तर मटकी मोजता येईल इतकी. वर तेलाचा तवंग, मीठ जास्त, आणि सगळ्या भाज्यांना एकच गोडा मसाला, त्यामुळे कोबी आणि फ्लॉवर डोळे मिटून खाल्ले तर ओळखू येत नाहीत. मोठ्यांना एखाद्या दिवशी चालेल, पण पाच वर्षांच्या मुलाला रोज हे द्यावं असं मला वाटत नाही. अपवाद शुक्रवारची अळूची भाजी, ती मात्र झकास, मुळ्याचे तुकडे, चणाडाळ, शेंगदाणे, चिंचगुळाचं प्रमाण अगदी बरोबर, ती आम्ही अर्धा किलो घेतो आणि शनिवारी भातावर पण खातो. गुरुवारची साबुदाणा खिचडी ठीक.

म्हणून आमचं ठरलंय, पोळ्या बाहेरच्या, भाजी घरची. भाजीला २० मिनिटं लागतात आणि ती करताना मुलांशी बोलता येतं, पोळ्या लाटताना नाही येत. मी ओट्यावर भेंडी चिरतो, मोठी समोर खुर्चीवर बसून धडा मोठ्याने वाचते, अडली की मी सांगतो, भागाकार असेल तर मी फरशीवर खडूने मांडून देतो आणि तिथेच ती सोडवते, धाकटा लसूण सोलतो, सोलतो म्हणजे एक पाकळी पाच मिनिटं. हे मला आधी मिळतच नव्हतं. एका पोळीचे ११ रुपये देतो ते मी या वेळेचे देतो असं मी धरतो.

आता तक्रारी. पहिली, आकार. सुरुवातीला पोळी १० रुपयांना होती तेव्हा घरच्या काट्यावर दहा पोळ्या ४१० ग्रॅम भरल्या होत्या. मागच्या महिन्यात सहज पुन्हा वजन केलं, दहा पोळ्या ३४० ग्रॅम. म्हणजे रुपया पण वाढला आणि पोळी पण लहान झाली. मी काकूंना शांतपणे सांगितलं, त्या म्हणाल्या "गव्हाचे, गॅसचे भाव बघा ना दादा, आणि लाटायला बायका मिळत नाहीत हल्ली." ते खरं असेल, चार तास उभं राहून लाटणं काय असतं ते मला १२ पोळ्यांमध्येच कळतं. पण मग १३ रुपये करा आणि पोळी होती तेवढी ठेवा, सांगून वाढवलेल्या भावाचं मला वाईट वाटत नाही, न सांगता पोळी लहान केली की वाटतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकली की बाजूला काढून ठेवतो असं ते सांगतात. पावसाळ्यात एका संध्याकाळी गाड्या खोळंबल्या होत्या, मी पावणेनऊला पोचलो, माझ्या मेसेजला दुपारीच "ओके" आलेलं होतं, आणि काउंटरवर एकही पोळी नाही, कारण कुणाच्या तरी कार्यक्रमाची १०० पोळ्यांची ऑर्डर आली आणि माझ्या पण त्यात गेल्या. एक फोन केला असता तर मी ब्रेड घेऊन आलो असतो, तोवर तेही दुकान बंद झालेलं. दोन्ही मुलं माझ्याबरोबर, भिजलेली, धाकटा खांद्यावर झोपायला आलेला. घरी जाऊन पिठलंभात केला, दहाला जेवलो. त्या दिवशी मला खरंच राग आला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःहून माफी मागितली, त्यानंतर असं पुन्हा झालं नाही हेही सांगायला हवं. पण तेव्हापासून मी ठाण्याला असतानाच फोन करून खात्री करतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझी आई गावाहून आली की तिला हे बाहेरच्या पोळ्यांचं प्रकरण खटकतं, "घरात माणसं असून विकतच्या पोळ्या" असं म्हणते. मी तिला आजोबांची आठवण करून दिली, ते लालबागला गिरणीत होते आणि आजी गावाला, १५ वर्षं ते खानावळीतच जेवले. गिरणगावात घरोघरी बायका खानावळी चालवायच्या, त्याच बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, म्हणजे हातावर पोट असलेल्या बायकांनी रांधायचं आणि कामाला जाणाऱ्यांनी पैसे देऊन जेवायचं हे मुंबईला काही नवं नाही. आजोबांना त्याची कधी लाज वाटली नाही आणि खानावळवालीचं नाव ते शेवटपर्यंत आदराने घ्यायचे. आई त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः माझ्याबरोबर केंद्रात आली, लाटणाऱ्या बाईंचा हात बघत पाच मिनिटं उभी राहिली आणि "घडी बरोबर घालते" एवढंच म्हणाली.

बाकी माहिती : सकाळी ७ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९, सोमवारी संध्याकाळी बंद, जीपे चालतं. साडेसात ते सव्वाआठ सगळ्यात जास्त रांग, पण रांग पटापट सरकते, दहा मिनिटांच्या वर मी कधी थांबलो नाही. संकष्टीला मोदकांसाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मे महिन्यात पंधरा दिवस केंद्र बंद असतं, बायका गावाला जातात म्हणून, आणि ते बरोबरच आहे, पण ते पंधरा दिवस आमचे फार ओढाताणीचे जातात, तेव्हा स्टेशनपासून रामनगरपर्यंत घडीची पोळी करणारं दुसरं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा, मला १४ लागतात आणि डबा माझा असतो.