सेकंड लाइफमध्ये चादरी विकायच्या तर: भाड्याचा गाळा की नुसतं मार्केटप्लेस?

सेकंड लाइफ म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक आभासी जग. तिथं भाड्यानं गाळा घेऊन दुकान थाटता येतं, नाहीतर त्यांच्याच मार्केटप्लेस नावाच्या वेबसाइटवर माल टाकता येतो. दोन्ही करून झालंय, म्हणून लिहायचं धाडस करतोय. आधी सव्वा वर्ष भाड्याचा गाळा, त्यानंतर आजतागायत मार्केटप्लेस. माल तोच: चादरी, टॉवेल, सतरंज्या. सूत नाही, वजन नाही, सगळा पिक्सेलचा माल. माझे वडील जेकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर उतरवायचे, त्यामुळे पिक्सेल म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचे जुने ग्राफ ट्रंकेत पडून होते. ते स्कॅन केले, साफ केले आणि धंदा सुरू झाला.

लिहायला निमित्त माझा भाचा. ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी वस्तू घडवायचं सॉफ्टवेअर, त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, सात-आठ नमुने तयार आहेत, आणि आता रोज विचारतोय, "मामा, गाळा घेऊ का डायरेक्ट मार्केटप्लेसवर टाकू?" फोनवर अर्धा तास बोललो, पण धड उत्तर काही दिलं नाही. दोन्ही बाजूंनी बोलत राहिलो. तो वैतागला.

खातं उघडणं, मेश (वस्तूचा थ्रीडी साचा) चढवणं, त्याआधी मालकी हक्कांवरची ती छोटी प्रश्नपत्रिका सोडवणं, हे तुमचं झालेलं असेल असं धरतो. रोब्लॉक्स, म्हणजे लोकांनीच बनवलेल्या खेळांचं दुसरं तसलं जग, ते का नाही, हेही विचाराल. तिथं नुसती चादर मांडून चालत नाही, तिच्याभोवती आधी खेळ उभा करावा लागतो किंवा अंगावर चढवायची वस्तू करावी लागते. कमावलेले 30,000 रोबक्स (तिथलं चलन) साठल्याशिवाय पैसे बाहेर काढता येत नाहीत. ज्याला खेळ बनवता येतो त्यानं जरूर तिकडं जावं. सेकंड लाइफ 2003 पासून चालू आहे आणि तिथली माणसं घरं लावतात, पलंग घेतात, पडदे बदलतात, दिवाळी नसताना रंग काढतात. चादरवाल्याला आणखी काय पाहिजे?

गाळ्याची मजा खरी आहे, ती मी नाकारत नाही. माझा गाळा एका खाजगी रीजनवर, म्हणजे कुणाच्यातरी मालकीच्या मोठ्या जमिनीवर होता, बारा-चौदा दुकानांची एक गल्ली, शेवटी कारंजं. नव्या पेठेत संध्याकाळी फिरल्यासारखं वाटायचं, फक्त पार्किंगची मारामारी नाही. गिऱ्हाईक आत यायचं, कॅमेरा चादरीच्या काठापर्यंत न्यायचं, मागं घ्यायचं, पुन्हा न्यायचं. आपल्याकडे बायका चादर दोन बोटांत चोळून बघतात ना, तसंच. टेरी टॉवेलचं तर फोटोत वाटोळंच होतं. नॉर्मल मॅप, म्हणजे सपाट चित्राला उठाव दाखवणारा थर, कितीही मन लावून करा, त्या टाक्यांचा फुगीरपणा कळतो तो दिव्याखाली हलताना. दुकानात टॉवेल चांगले जायचे. मार्केटप्लेसवर आजही चादरी जातात, टॉवेल रेंगाळतात.

गाळ्याच्या एका कोपऱ्यात मी वस्तू काढून मांडायची परवानगी सगळ्यांना खुली ठेवली होती. एक अमेरिकन बाई तिथं स्वतःचा पलंग आणून मांडायच्या आणि माझ्या चादरीचा डेमो त्यावर टाकून बघायच्या. चार वेळा आल्या, चौथ्या वेळी घेतली. त्यांची वेळ आणि आपली वेळ मजेशीर जुळते. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा सोलापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. दूध तापेपर्यंत दुकान, मग आंघोळ, मग नोकरी. बाईंनी एकदा विचारलं, हा मोर कुठला. मी गावाचं नाव टाइप केलं. त्यांनी नकाशात शोधलं आणि तळ्याचं नाव काय म्हणून विचारलं. असलं काही मार्केटप्लेसवर होत नाही.

शिवाय गाळ्यात स्वतःच्या विक्रीपेटीतून (क्लिक करून पैसे भरले की माल देणाऱ्या डब्यातून) माल गेला की कमिशन शून्य. मार्केटप्लेसवर दहा टक्के जातात. ऐकायला हे गाळ्याच्या बाजूचं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हिशेब मांडून बघा. माझी चादर 150 लिंडेनची, लिंडेन म्हणजे तिथलं चलन. डॉलरला साधारण अडीचशे लिंडेन धरले तर आपले पन्नासेक रुपये. तिच्यावर मार्केटप्लेसचं कमिशन 15 लिंडेन. गाळ्याचं भाडं आठवड्याला 450. म्हणजे आठवड्याला तीस चादरी गाळ्यातून विकल्या तर कुठं भाडं आणि कमिशन बरोबरीला येतं. वर जागा शोधात दिसावी म्हणून आठवड्याला 30 लिंडेन वेगळे, म्हणजे आणखी दोन चादरी. माझ्या गाळ्यातून तीस चादरी कधीच गेल्या नाहीत. सणासुदीला, म्हणजे त्यांच्या नाताळात, बारा-तेरा गेल्या असतील. तुमचा माल महाग असेल, आठशे-हजार लिंडेनचा सोफासेट असेल, तर हे गणित उलटं पडेल हेही कबूल.

पण खरं सांगायचं तर मी गणितामुळे गाळा सोडला नाही. भाडेपेटीमुळे सोडला.

ही भाडेपेटी म्हणजे दुकानाच्या दारात टांगलेला एक डबा. त्यावर क्लिक करून पैसे भरायचे, की तो पुढचे सात दिवस मोजायला लागतो. तुम्ही त्या जगात उतरून, डब्यासमोर उभं राहूनच भरायचे. लोक म्हणतात चार आठवड्यांचं एकदम भर. खरं आहे, पण नव्या धंद्यात चार आठवड्यांचे लिंडेन एकदम हातात असतात कुणाच्या? मी आठवड्याचंच भरायचो. आमच्याकडे यंत्रमागावर मजुरी आठवड्याची, किराणा आठवड्याचा, भिशीसुद्धा आठवड्याची, त्यामुळे त्यात काही खटकलंही नाही.

मे महिन्यात आमच्या पेठेतली डीपी जळाली. दोन दिवस लाइट नाही. ऊन असं की माणसं रात्री गच्चीवर पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगावर घेऊन झोपली, खऱ्या चादरी. फोनवर ते जग उघडायची सोय तेव्हा माझ्याकडे नव्हती, लॅपटॉपची बॅटरी पहिल्याच दुपारी संपलेली. भाड्याचा वार कोणता हे डोक्यातून पार गेलं. आठवण करून देणारे निरोप आले असणार, पण ऑफलाइन असताना निरोपांची संख्या मर्यादेपलीकडे गेली की पुढचे गळतात, आणि माझ्या खात्यावर दुकानांच्या ग्रुपांच्या जाहिरातींनीच ती मर्यादा भरून टाकली होती.

लाइट आली तेव्हा रात्र होती. उतरलो तर गाळा रिकामा. भिंती तेवढ्या उभ्या, बाहेर दुसऱ्या कुणाचं नाव नाही, पाटी नाही. माझं सगळं सामान लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरात आलेलं होतं, सगळं मिळून एकच गाठोडं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो: एका झटक्यात परत पाठवलेल्या वस्तू एकमेकींना चिकटून एकच वस्तू होऊन येतात. ते गाठोडं जमिनीवर सोडलं की पलंग, दिवे, चौदा विक्रीपेट्या, पाट्या, कोपऱ्यातलं तुळशी वृंदावन (हो, ठेवलं होतं) सगळं जसंच्या तसं उभं राहतं, पण जागा तीच असेल तर. जागा जरा वेगळी असली की अर्धं भिंतीत, अर्धं जमिनीखाली. आणि तेवढ्या वस्तूंना पुरेल एवढी क्षमता त्या तुकड्यावर मोकळी नसेल तर मुळात बाहेर येतच नाही.

घरमालक सभ्य माणूस होता. म्हणाला, भाडं संपलं, एक दिवसाची सवलतही संपली, पेटीनं आपोआप परत पाठवलं. त्याच्या नियमानं त्याचं शंभर टक्के बरोबर. पुन्हा भाडं भरलं, त्यानं तोच गाळा दिलाही. दोन रात्री बसून मी सगळं जागेवर लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाताना पार्क चौकात सिग्नलला थांबलो आणि पहिला विचार आला तो असा की आज कोणता वार, पेटीत किती दिवस उरले. हा विचार पुढे रोज यायला लागला. नोकरी आहे, आईचं औषधपाणी आहे, त्यात पन्नास रुपयांच्या चादरीसाठी एक डबा माझे दिवस मोजतोय. तेवढ्यानं मन उठलं. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. वाटू शकते.

जाता जाता एक. या जगात श्रीमंत झालेल्यांमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव अ‍ॅन्शी चुंग. मे 2006 मध्ये बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर तिचा अवतार होता. तिचा मुख्य धंदा कशाचा? जमिनीचा. मोठी जमीन घ्यायची, तुकडे पाडायचे, विकायचे, भाड्यानं द्यायचे. चादरी विकून कुणी मुखपृष्ठावर गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर मार्केटप्लेस. त्यातही काचतं बरंच काही, भाच्यानं हुरळून जाऊ नये. तिथं यादी प्रचंड आहे आणि नवीन माणूस शब्दांवर जगतो. पहिले दोन महिने मी नावात "चादर" लिहीत होतो. कोण शोधणार? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला त्याचा अभिमान आहे, पण टेक्सासमधला माणूस शोधतो "बोहो थ्रो ब्लँकेट". तसं लिहिलं आणि विक्री हलली. मानांकनाचं नाव पिक्सेलच्या मालाला लावायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, मी तरी लावत नाही. वर्णनात गावाचं नाव तेवढं येतं.

दुसरं मापाचं. इथं प्रत्येक पलंगाची उंची वेगळी, उशीचा फुगवटा वेगळा. दुकानात कोपरा होता म्हणून निभावलं. मार्केटप्लेसवर एकानं न बघता घेतली, बसली नाही, एक तारा देऊन मोकळा झाला. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. प्रत्येक नमुन्याचा शून्य लिंडेनचा डेमो आधी टाकतो, आणि मालावर मॉडिफाय परवानगी देतो, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः ओढूनताणून बसवतं. कॉपी, म्हणजे स्वतःसाठी प्रती काढायची परवानगी, देतो; ट्रान्सफर, म्हणजे वस्तू दुसऱ्याला देऊन टाकायची परवानगी, देत नाही. चादर म्हणजे आहेराची वस्तू, मग ट्रान्सफर का नाही, असं घरच्यांनी विचारलं होतं. मार्केटप्लेसवर विकत घेतानाच दुसऱ्याच्या नावानं पाठवायची सोय आहे, आहेराचं काम तिथंच होतं.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, ती भाच्याला जास्त पटेल असं मला वाटतं: इव्हेंट. तीन-चार आठवड्यांची जत्रा, आयोजकाला स्टॉलचे पैसे द्यायचे, गर्दी तो आणतो. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर स्टॉल लावतात त्यातलाच प्रकार. वर्षाकाठी एक-दोन करावेत. नावं तिथं होतात, आणि जत्रा उठली की सामान आपणच आवरतो, कुणी गाठोडं बांधून पाठवत नाही.

पैसे बाहेर काढण्यात दोन्हीकडे फरक नाही. लिंडेन विकताना थोडं जातं, डॉलर पेपॅलला काढताना थोडं जातं, आणि भारतात पेपॅलला पॅन, बँक खातं आणि परपज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) लागतो. दर आठवड्याला काढू नका, साठू द्या. सीएला एकदा दाखवून घ्या. मिळकत म्हणाल तर चांगल्या महिन्यात घरचं लाइटबिल आणि इंटरनेट निघतं. नोकरी सोडण्यासारखं काही नाही, आणि हे दोन्ही वाटांना लागू.

माझ्यापुरतं सांगतो, कुणावर लादत नाही. ज्याला माणसांशी बोलायची आवड आहे, ज्याच्याकडे रोज सकाळचा एक तास आहे, ज्याचा माल हलवून-फिरवून बघितल्याशिवाय विकत नाही, त्यानं गाळा घ्यावा, पण एकदम चार आठवडे भरायची ऐपत येईपर्यंत थांबावं. बाकीच्यांनी, आणि यात माझा भाचा येतो, मार्केटप्लेसपासून सुरुवात केली तर वर्षभरात नुकसान काय होणार? दहा टक्केच ना, तेही विकलं गेलं तरच.

मी आता वर्षाची प्रीमियम मेंबरशिप भरतो. तिच्यात 1024 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचे वेगळे पैसे पडत नाहीत. मेनलँडवर, म्हणजे सेकंड लाइफच्या कंपनीच्याच जमिनीवर, कुणीतरी सोडून दिलेला तेवढा एक तुकडा मीटरला एक लिंडेन दरानं घेतला. क्षमता 351 वस्तूंची, मला पन्नाससुद्धा लागत नाहीत. शेजारी एक ओसाड किल्ला आहे, त्याचा मालक कधी दिसत नाही. माझ्या तुकड्यावर एक पलंग, त्यावर मोराची चादर, दोरीवर तीन टॉवेल, आणि माल काढून बघायला मोकळी जागा. पाटीवर मार्केटप्लेसचा पत्ता. पलंगवाल्या बाई मागच्या महिन्यात आल्या होत्या. या वेळी पाळणा घेऊन आल्या, त्याला दुपटं आहे का म्हणाल्या. ते आता बनवायला घेतलंय.